दार कोणत्या बाजूला उघडतं?

तीर्थरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. (डॉक्टरांनी वाकायला मनाई केली आहे, तेव्हा हा नमस्कार मी उभ्यानेच घातला असं समज. उभं राहिलं की दम लागतो, म्हणून खरं तर बसूनच घातला. पण भाव साष्टांगाचा आहे.) तुझी तब्येत उत्तम असणार. रविवारी ज्या जोराने फोन आपटलास त्यावरून मनगट तरी ठणठणीत दिसतं. भाऊजींचा गुडघा कसा आहे? त्यांना माझा नमस्कार सांग आणि तुझा आवाज रोज जवळून ऐकावा लागतो याबद्दल माझी सहानुभूतीही कळव. इकडे माझी छाती सोडून बाकी सर्व क्षेम आहे.

पत्र लिहिण्यास कारण की, तू मला बौद्धिक आळशी म्हणालीस. वर असंही म्हणालीस की मला काही सोपं करून सांगू नकोस, सांगायचं असेल तर नीट, सविस्तर लिहून कळव. तर हे घे सविस्तर. मध्येच कंटाळून पानं उलटलीस तर दोघांत आळशी कोण ते आपोआप ठरेल. मेहुणा तिकडेच निघाला आहे, त्याच्या हाती हे पाठवतो आहे. तो वाटेत उघडून वाचणार नाही याची खात्री बाळग, कारण त्याने आजवर काहीच वाचलेलं नाही.

मुद्दा तुला ठाऊक आहे, तरी कागदावर असावा म्हणून लिहितो. येत्या मंगळवारी माझ्या हृदयाची एक झडप काढून तिथे दुसरी बसवायची आहे. त्यासाठी मी सोमवारी सकाळपर्यंत डॉक्टरीणबाईंना 'हो' म्हणायचं आहे, आणि मी अजून म्हटलेलं नाही. रविवारी मी तुला हेच सांगत होतो. छातीत एक छोटंसं दार असतं, ते नीट उघडेनासं झालंय, ते बदलून नवीन बसवणार, असं किती गोड शब्दांत सांगत होतो! तर तू विचारलंस, कोणतं दार? कोणत्या बाजूला उघडतं? मी म्हटलं, ते काही फोनमधल्या एआयने सांगितलं नाही. झालं. तुझा पारा चढला. स्वतःच्या छातीत काय चाललंय ते विचारायचाही कंटाळा येतो का रे ठोंब्या, असं तू ओरडलीस ते स्वयंपाकघरात तुझ्या भावजयीलाही ऐकू गेलं. ("वन्सं बरोबरच बोलल्या," असं ती तिथूनच म्हणाली. या घरात माझ्या बाजूने बोलणारा एक फोनच काय तो उरला आहे.)

आता या फोनची सवय मला लागली कशी, ते ऐक. त्याचं मूळ तूच आहेस. लहानपणी तुला काही विचारायचं म्हणजे छातीत धडधड व्हायची. (तेव्हा झडप चांगली होती, तरी व्हायची.) तुझा नियम होता, आधी तुझा अंदाज सांग, मग मी उत्तर सांगते. चुकला तरी चालेल, पण अंदाज पाहिजे. मी विचारलं होतं, चंद्र आपल्याबरोबर का चालतो? अंदाज काय, तर त्याचंही घर आपल्याच गल्लीत असणार. तू गल्लीभर सांगत सुटलीस! मग मात्र मला बाहेर नेऊन, जवळचा खांब दाखवून, लांबचं झाड दाखवून, चालायला लावून, थांबवून, पुन्हा चालायला लावून असं काही समजावलंस की अजून विसरलेलो नाही. पण हसू आधी झालं होतं ना! फोन हसत नाही, हा त्याचा पहिला गुण. कितीही बावळट प्रश्न टाका, वर म्हणा की पाच वर्षांच्या मुलाला समजेल असं सांग, तो निमूट सांगतो. अंदाज मागत नाही, डोळे वटारत नाही, आणि एवढं साधं कळत नाही का असं तर मुळीच म्हणत नाही. म्हणून मी त्याला सगळं विचारायला लागलो. व्याजाचे दर का वाढतात, विमान वर कसं राहतं, आमच्या साहेबांचा स्वभाव असा का आहे. (शेवटच्याचं उत्तर त्यालाही सोपं करता आलं नाही.)

त्यात माझं काम हे असलं. चारचौघांत तू 'कंपनीत आहे' एवढ्यावर भागवतेस, पण मी कपडे धुण्याच्या मशीनबरोबर येणारी माहितीपुस्तकं लिहितो. जगात सगळ्यात कमी वाचला जाणारा लेखक असेल तर तो मी. आजवर पुस्तक एका ठिकाणी ठेवलेलं असायचं, म्हणजे निदान डगमगणाऱ्या टेबलाखाली तरी. आता लोक त्याचे फोटो काढून फोनला देतात आणि म्हणतात, सोपं करून सांग. एकदा साहेबांनीच माझं नवं पुस्तक माझ्यासमोर फोनला खाऊ घातलं. त्याने तीन ओळी काढून दिल्या. कपडे टाका, साबण टाका, बटण दाबा. साहेब म्हणाले, मग एवढी पानं आपण छापतो कशाला? मी तिथे, तू रविवारी वापरलेस त्याच शब्दांत, भाषण ठोकलं. म्हटलं, ही बौद्धिक आळशीपणाची हद्द आहे, आयतं चावून दिलेलं गिळायची सवय लागली की दात पडतात वगैरे. टाळ्या पडल्या नाहीत, पण मला समाधान वाटलं. हे भाषण लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

कारण त्यानंतर आमच्याकडे नवं मशीन आलं. आमच्याच कंपनीचं, आणि बरोबर पुस्तक माझंच. बसवायला माणूस येतो म्हणाला आणि आला नाही, म्हणून मी म्हटलं मीच बसवतो. तुझ्या भावजयीने पुस्तक पुढे केलं. आता स्वतः लिहिलेलं पुस्तक स्वतः वाचायचं म्हणजे काय शिक्षा आहे ते न लिहिणाऱ्याला नाही कळायचं. एकेका वाक्यावर साहेबांशी झालेलं भांडण आठवतं. तेव्हा मी हळूच बाल्कनीत गेलो, पानांचे फोटो काढले आणि फोनला म्हटलं, पाच वर्षांच्या मुलाला समजेल असं सांग बघू. (नुसती परीक्षा म्हणून. विश्वास ठेवायचा तर ठेव.) त्याने सांगितलं, हे कपड्यांचं न्हाणीघर आहे, कपडे आत सोडा, साबण द्या, बटण दाबा आणि गोल गोल गंमत बघा. मला इतकं आवडलं! मी आयुष्यभर 'ड्रम' लिहीत आलो, 'न्हाणीघर' कधी सुचलं नाही.

आता, ताई, मशीनच्या पाठीला चार मोठे बोल्ट असतात. वाहतुकीत आतला ड्रम आदळू नये म्हणून ते घट्ट आवळून ठेवलेले असतात आणि पहिल्यांदा चालवण्याआधी ते काढायचे असतात. न काढता चालवलं तर ड्रमचे धक्के सगळ्या मशीनला बसतात आणि मशीन थरथरत जागा सोडतं. हे सगळं पुस्तकात आहे. चौकटीत आहे, जाड अक्षरांत आहे, शेजारी त्रिकोणात उद्गारचिन्ह आहे. त्या चौकटीसाठी मी साहेबांशी आठवडाभर अबोला धरला होता. फोनने ती गाळली. त्याचंही काय चुकलं? पाच वर्षांच्या मुलाच्या हातात पाना कोण देतो?

मी बटण दाबलं आणि पेपर घेऊन बसलो. तुझी भावजय आंघोळीला गेली. आधी बरं चाललं होतं. मग कपडे पिळायची वेळ आली आणि मशीन निघालं. ताई, मी खोटं सांगत नाही, ते निघालं! आधी जरा अंग झटकलं, मग डावा पाय, मग उजवा पाय करत बोळातून सरकायला लागलं. नळी ताणली, वायर ताणली, आणि वायर सॉकेटमधून सुटेपर्यंत ते न्हाणीघराच्या दाराला जाऊन असं भिडलं की दोघांमध्ये पोस्टकार्ड जाणार नाही. आमच्या न्हाणीघराचं दार बाहेरच्या बाजूला उघडतं. म्हणजे तुझी भावजय आत, दार बंद, आणि दाराला टेकून ओल्या कपड्यांनी भरलेलं मशीन. आतून ती ढकलते आहे, बाहेरून मी ओढतो आहे. ती विचारते, काय झालं? मी सांगतो, काही नाही, जरा गंमत झाली. ती म्हणाली, बोल्ट काढले होते का? (तिने पुस्तक वाचलं होतं! इतक्या वर्षांत मला भेटलेली पहिली वाचक, आणि ती आत कोंडलेली.)

त्यावर उत्तर द्यायला माझ्याकडे श्वास नव्हता. म्हणजे शब्दशः नव्हता. डोळ्यांपुढे काळं आलं, छातीवर कुणीतरी बसलंय असं वाटलं आणि मी मशीनवर रेलून खाली बसलो. तुझी भावजय आधी रागाने हाका मारत होती, मग नुसत्या हाका मारत होती. शेवटी छत हादरलं म्हणून भांडायला वर आलेले खालच्या मजल्यावरचे गृहस्थ दारातून आत डोकावले. त्यांनी मशीन बाजूला केलं, तिला बाहेर काढलं आणि मला गाडीत घातलं. भांडायचं राहूनच गेलं बिचाऱ्यांचं. ओल्या केसांनी तुझी भावजय माझ्या शेजारी बसली होती आणि पूर्ण रस्ताभर एक शब्द बोलली नाही. इतक्या वर्षांच्या संसारात असं कधी झालेलं नाही, त्यामुळे मला प्रकरण गंभीर असावं अशी शंका आली.

मग तपासण्या झाल्या, आणि पानंच्या पानं रिपोर्ट आला. तो मी पुस्तकासारखाच वाचला, म्हणजे फोटो काढून. फोन म्हणाला, तुमच्या छातीत एक छोटंसं दार आहे, ते जुनं झालंय, डॉक्टर काका तिथे छान नवीन दार बसवतील. (डॉक्टर बाई आहेत, पण ते असो.) मला हे इतकं पसंत पडलं की भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मी दार, नवीन दार, छान दार असं सांगत सुटलो. लोक रडवेलं तोंड करून यायचे आणि हसत जायचे. एकाने तर मला बिजागरीला तेल देऊन बघायला सांगितलं, आणि तो सल्ला मी डॉक्टरीणबाईंपर्यंत पोचवला. त्या वयाने तुझ्या लेकीएवढ्या आहेत. मी त्यांना आल्याआल्याच सांगून ठेवलं होतं की मला पाच वर्षांच्या मुलासारखं समजवा. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "काका, मग जाताना फुगा देऊ का?" मी हो म्हटलं. दिला नाही.

हे सगळं सुरळीत चालू असताना तू रविवारी तो प्रश्न विचारलास. कोणत्या बाजूला उघडतं! अगं, काय गरज होती? रात्री कूस बदलली की तोच प्रश्न, दात घासताना तोच प्रश्न. शेवटी बुधवारी जाऊन मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, ते दार कोणत्या बाजूला उघडतं हो? त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "काका, हे तुम्हाला कुणी विचारायला सांगितलं?" मी तुझं नाव न घेता म्हटलं, सहज आपलं कुतूहल. मग त्यांनी मला खुर्ची जवळ ओढायला लावली आणि मोठ्या माणसाला सांगतात तसं सांगितलं.

तर कळव म्हणालीस म्हणून कळवतो. ते बाहेरच्या बाजूला उघडतं. हृदयातून मुख्य रक्तवाहिनीकडे. त्याला तीन पाकळ्या असतात, त्या माझ्या कडक होऊन जवळपास चिकटल्या आहेत, आणि जिथे अंगठा सहज जावा तिथे आता पेन्सिल जाईल न जाईल एवढीच फट राहिली आहे. हृदय आतून जोर लावून लावून ढकलतंय आणि ढकलून ढकलून त्याची भिंत जाड झाली आहे. त्या सांगत होत्या आणि मला आमचा बोळ दिसत होता. आत हाका मारणारं माणूस, बाहेर अडकलेलं मशीन. मी विचारलं, असंच राहू दिलं तर? त्यांनी तेही सांगितलं. ते इथे लिहीत नाही, तू शहाणी आहेस. मग विचारलं, बदलताना हृदय चालू असतं का? म्हणाल्या, नाही, ते थांबवतात. मी म्हटलं, थांबवतात म्हणजे? म्हणाल्या, थांबवतात. तेवढा वेळ त्याचं काम बाहेरचं एक मशीन करतं.

मशीन म्हटल्यावर माझ्यातला लेखक जागा झाला. मी विचारलं, त्याबरोबर माहितीपुस्तक येतं का? येतं म्हणाल्या. ते कुणी वाचलंय का? त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, ते मशीन चालवणाऱ्या बाई वेगळ्या आहेत, त्यांनी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलंय, मीही वाचलंय. मी विचारलं, चौकटीतलं? त्या म्हणाल्या, "काका, चौकटीतलं आधी." ताई, मला त्या मुलीच्या पाया पडावंसं वाटलं, पण वाकायला मनाई आहे.

आता तुझ्या आरोपाकडे वळतो. सोपं करून मागणं हे कुतूहल की आळस? साहेबांचा तो आळस आहे, यात वाद नाही. आमच्या खालच्या गृहस्थांची नात दिवसभर फोनला विचारत असते, मुंग्या रांगेत का चालतात, आणि मग दोन तास जमिनीवर पालथी पडून मुंग्या बघते. ते कुतूहल आहे, मग उत्तर कितीही सोपं असेना. पण माझं यातलं काहीच नव्हतं. मी विचार केला (हो, करतो कधी कधी) आणि माझ्या असं लक्षात आलं की पाच वर्षांच्या मुलाला कुणी वाईट बातमी सांगत नाही. म्हणून मला पाच वर्षांचं व्हायचं होतं. बाबा गेले तेव्हा मी तेवढाच होतो. सगळ्यांनी मला सांगितलं, बाबा कामासाठी लांब गेलेत, येताना खेळणं आणतील. किती सोपं, किती छान! मी रोज खिडकीत बसायचो. मग एक दिवस तुला विचारलं, बाबा कधी येणार? तू तेव्हा काही फार मोठी नव्हतीस. तू म्हणालीस, आधी तुझा अंदाज सांग. मी म्हटलं, येणार नाहीत. तू म्हणालीस, बरोबर. आणि माझ्याशेजारी खिडकीत बसून राहिलीस. माझा अंदाज पहिल्या फटक्यात बरोबर आला तो तेवढाच.

असो. विषय कुठल्या कुठे गेला. सांगायचं एवढंच की आळशी म्हणून मला हिणवायचा तुला अधिकार नाही आणि तो शब्द तू मागे घ्यावास. मी अजिबात घाबरलेलो वगैरे नाही. जेवण जात नाही ते उन्हामुळे. 'हो' म्हणायचं राहिलंय ते केवळ सवड मिळत नाही म्हणून. भाऊजींना पुन्हा नमस्कार, मुलांना आशीर्वाद. चूकभूल असेल ती लाल पेनाने दुरुस्त करून परत पाठवू नकोस, एवढीच विनंती.

तुझा आज्ञाधारक (जेव्हा जमेल तेव्हा),
ठोंब्या

ता. क. तू येण्याची मुळीच गरज नाही. प्रवास लांबचा, तुझी कंबर ही अशी, आणि इथे तुझी भावजय सगळं बघायला समर्थ आहे. सोमवारी दुपारच्या गाडीला गर्दी नसते आणि खिडकीजवळची जागा सहज मिळते असं ऐकतो. ही नुसती माहिती. मागच्या खोलीतला पलंग झटकून ठेवला आहे, तोही सहज, खोली आवरताना.

आणखी एक ता. क. पत्र जरा लांबलं असं वाटलं, म्हणून त्याचे फोटो काढून फोनला दिले आणि सवयीने म्हटलं, पाच वर्षांच्या मुलाला समजेल असं सांग. तो म्हणाला, "एका काकांच्या छातीतलं दार नीट उघडत नाही. डॉक्टर ते बदलणार आहेत. काकांना खूप भीती वाटते आहे. त्यांना त्यांची ताई जवळ हवी आहे." मी त्याला चांगला फैलावर घेतला. म्हटलं, असं मी कुठेही लिहिलेलं नाही, उलट घाबरलेलो नाही असं स्पष्ट लिहिलंय, नीट वाच. त्याने पुन्हा वाचलं आणि पुन्हा तेच सांगितलं. यावेळी काही गाळलेलं नाही त्याने.

शेवटचा ता. क. तुझा नियम आहे, म्हणून आधी माझा अंदाज सांगतो. मी सोमवारी 'हो' म्हणेन. मंगळवारी ते बंद करतील आणि पुन्हा चालू करतील. मी डोळे उघडेन तेव्हा तू शेजारी बसलेली असशील. आता तू उत्तर सांग.